दुसऱ्या दाराची किल्ली कोणाकडे असते? (कुंभकोणम, १६ जुलै २००४)

निवृत्त_गणित

सोलापुरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षे गणित शिकवले. तमिळनाडूतील कुंभकोणम येथील शाळेला १६ जुलै २००४ रोजी आग लागली आणि ९४ मुले गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या शिक्षक-खोलीत वर्तमानपत्र एका हातातून दुसऱ्या हातात जात होते आणि कोणी काही बोलत नव्हते. शेवटी चित्रकलेच्या सरांनी विचारले, "आपल्याकडे जिने किती?" जिना एकच होता. मागच्या बोळात उघडणारे एक लोखंडी फाटकही होते, पण त्याला कुलूप होते आणि ते गंजलेले होते.

त्या आठवड्यात आम्ही ते कुलूप तोडले. जुलै ते ऑक्टोबर फाटक उघडे राहिले. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांच्या दोन सायकली चोरीला गेल्या, तेव्हा शाळा समितीच्या बैठकीत नवे कुलूप घेण्याचा ठराव झाला. त्या ठरावावर अनुमोदक म्हणून माझी सही आहे. पुढे निवृत्तीपर्यंत ते फाटक उघडे असल्याचे मला आठवत नाही.

म्हणून विचारतो. आपण शिकलात त्या शाळेत, किंवा आपली मुले आज शिकतात त्या शाळेत, बाहेर पडण्याची दुसरी वाट कोणती, तिला कुलूप कोण लावते, आणि ते उघडायला किती वेळ लागतो? अग्निशामक नळकांडी किती आहेत, हे कृपया सांगू नये. ती सगळीकडे आहेत.

मधली_सुट्टी

आमच्या शाळेच्या मागच्या दाराची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात असे. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असे. मुख्याध्यापक मंगळवारी आणि शुक्रवारी पंचायत समितीत असत.

पूर्वभागकर

सर, आमचे घराणे तेलुगू, वडिलांचे चार यंत्रमाग होते आणि माझी प्राथमिक शाळा आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवर होती. शाळेच्या भिंतीला लागून सुताचे गोदाम होते. मागावर बसणाऱ्याला आगीची भीती शिकवावी लागत नाही. सुताचे उडणारे तंतू छतावर, तारांवर, पंख्यांच्या पात्यांवर बसतात, आणि एक ठिणगी पडली की ज्वाला छताखालून पळत जाते. वडील दर अमावस्येला माग बंद ठेवून तारा झाडून घेत. मात्र ज्या शाळेत आम्ही चौघे भावंडे बसत होतो, तिच्या खिडक्यांना गोदामाच्या बाजूने जाड गज होते, याचा विचार त्यांनी कधी केला असेल असे वाटत नाही. मी तरी केला नव्हता.

१८ मे २०२५ च्या रविवारी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला लागलेल्या आगीत आठ माणसे गेली आणि त्यांत एक तान्हे मूलही होते. राहणे आणि कारखाना एकाच इमारतीत होते. आमच्या भागात अशी घरे किती आहेत, हे आपण सारे जाणतो. त्या दिवसापासून कोणत्याही इमारतीत शिरलो की माझी नजर आधी मागच्या बाजूला जाते.

अग्निपरीक्षक

मी इमारतींच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे काम करतो. नळकांडी मोजू नका, हे सरांचे म्हणणे मला पटते, आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो.

शाळेतील आगीत मुले बहुधा आधी धुराने गुदमरतात, ज्वाला नंतर येतात. बंद इमारतीत जिना हेच धुराडे होते. १ डिसेंबर १९५८ रोजी शिकागोच्या 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' शाळेला आग लागली, तेव्हा ती तळघरातील जिन्याच्या पायथ्याशी कचऱ्याच्या पिंपात सुरू झाली. पहिल्या पातळीवर जिन्याला दार होते, त्यामुळे तिथले वर्ग वाचले. वरच्या मजल्यावर दार नव्हते. सगळा धूर आणि उष्णता तिथल्या मार्गिकेत भरली, वर्गांतून बाहेर पडण्याची वाटच राहिली नाही आणि मुले उंच खिडक्यांकडे धावली. ९२ मुले आणि ३ शिक्षिका-जोगिणी मरण पावल्या. त्या शाळेत नळकांडी होती, पण ती जवळजवळ सात फूट उंचीवर टांगलेली होती. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट अशी, की आगीच्या काही आठवडे आधीच ती शाळा तपासणीत उत्तीर्ण झाली होती, कारण १९४९ चे नवे नियम जुन्या इमारतींना लागू नव्हते.

तिथे पुढे कामे झाली, ती जुन्या इमारतींवरही झाली. जिन्यांना दारे बसली, आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा आली, अग्निशमन दलाला थेट वर्दी देणारी पेटी शाळेजवळ आली. आपल्याकडे मात्र 'जुनी इमारत आहे हो' हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो, आणि म्हणणारा ते असे म्हणतो, जणू आगीला इमारतीचे वय विचारण्याची सवय आहे.

बाई_पुन्हा_एकदा

मी सध्या मुख्याध्यापिका आहे, त्यामुळे मला इथे थोडे कटू बोलावे लागेल. कुलूप लावणारा माणूस निष्काळजी असतो, असा सूर या चर्चेत लागलेला दिसतो, म्हणून कुलपाची बाजू मांडते.

माझ्या शाळेत सहाशे मुली आहेत. मागचे दार उघडे राहिले, तर मधल्या सुट्टीत बाहेरचा कोणीही आत येऊ शकतो. मागील वर्षी एक अनोळखी इसम मुलींच्या स्वच्छतागृहापर्यंत आला होता. त्यानंतर पालकांची सभा झाली आणि त्या सभेत एकाही पालकाने आगीचे नाव काढले नाही, सगळ्यांनी कुलूपच मागितले. संगणक-कक्षात चोरी झाली, तेव्हा पंचनाम्याच्या वेळी मला पहिला प्रश्न विचारला गेला, "कुलूप होते का?" 'कुलूप नव्हते ना?' असे आजवर मला कोणीही विचारलेले नाही. वेतनेतर अनुदान इतके तुटपुंजे आणि इतके उशिरा येते, की मागच्या दाराशी माणूस बसवणे मला परवडत नाही. शाळेत शिपाई एक आहे. घंटा तोच देतो, टपालही तोच नेतो.

तेव्हा निवृत्त सरांनी सहीबद्दल स्वतःला दोष देऊ नये. त्या बैठकीत मी असते, तर मीही सही केली असती.

शेंगाचटणी

नळकांड्यांबद्दल बोलायचे नाही असे सरांनी बजावले आहे, तरी एक नोंद करतो. आमच्या शाळेत खंडेनवमीला प्रयोगशाळेतील तराजू, क्रीडासाहित्य आणि अग्निशामक नळकांडी यांची पूजा होत असे. झेंडूचा हार घालताना मी एकदा त्यावरची चिठ्ठी वाचली. पुनर्भरणाची तारीख माझ्या जन्माआधीची होती. गुरुजींना दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "जुने ते सोने. हळदीकुंकू वाहा."

अग्निपरीक्षक

शेंगाचटणी, हसू आले खरे, पण दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही, हे पाहण्यास अर्धे मिनिट लागते आणि तेही वर्षातून एकदा, पूजेच्या निमित्ताने का होईना, होत असेल तर माझी हरकत नाही.

चाळीशीपार

कुंभकोणममध्ये शिक्षक मुलांना टाकून पळाले, असे तेव्हा सर्वत्र छापून आले होते. इथे सगळे दारांवर बोलत आहेत. माणसांवर कोणी बोलणार आहे की नाही?

निवृत्त_गणित

बोलू या. शिक्षकांवरचा तो आरोप त्या वेळी झाला, हे खरे आहे. २०१४ च्या ३० जुलैला तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले आणि अकरा जणांना निर्दोष सोडले. संस्थेच्या संस्थापकाला जन्मठेप झाली, पुढे मद्रास उच्च न्यायालयात शिक्षा कमी झाल्या. मला त्या निकालाइतकीच त्या इमारतीची मांडणी महत्त्वाची वाटते. एकाच आवारात एकाहून अधिक शाळा भरत होत्या. पोषण आहाराचे स्वयंपाकघर लाकडाच्या चुलीचे आणि वर झावळ्यांचे छप्पर असलेले होते. तिथून ठिणगी वरच्या मजल्यावरील वर्गांच्या झावळ्यांच्या छपराला पोहोचली आणि जळते छप्पर मुलांवर कोसळले. जिना अरुंद होता. अशा ठिकाणी न पळालेला शिक्षकही फार मुले बाहेर काढू शकला असता, असे मला एकतीस वर्षे वर्ग सांभाळल्यावर वाटत नाही. सात वर्षांची पन्नास मुले धुरात रांग लावत नाहीत. ती बाकाखाली लपतात.

माळवद

छपराचा विषय निघाला म्हणून लिहितो. थोडे बाजूला जातो आहे, पण फार नाही.

झावळ्यांचे छप्पर म्हणजे अडाणीपणा, असे आपल्याला दुरून वाटते. वास्तविक ते छप्पर मुलांना ऊन लागू नये म्हणून असते. आपल्या जिल्ह्यातील जुनी माणसे माळवदाची घरे बांधत, वर दीड-दोन हात पांढरी माती असे आणि वैशाखातही आत गारवा राही. माळवद गेले, पत्रा आला. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याखाली तिसरीचा वर्ग भरवून पाहा, म्हणजे शिक्षक काय करतात ते कळेल. माझ्या तालुक्यातील एका वस्तीशाळेत पत्र्यावर उसाचे पाचट टाकलेले मी स्वतः पाहिले आहे. दुसऱ्या एका ठिकाणी कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. गुरुजींचा हेतू स्वच्छ होता, मुलांचे डोके दुखू नये एवढाच. त्याच पत्र्याच्या वळचणीला खिचडीची चूल होती. आता गॅस आला आहे, तरी सिलिंडर संपला की तीन विटा मांडल्या जातात.

तमिळनाडूने कुंभकोणमनंतर शाळांवरची अशी छपरे काढायला लावली, ते योग्यच झाले. पण छप्पर काढण्याचा आदेश देणाऱ्याने खाली बसलेल्या मुलांच्या उन्हाचे काय, हेही सांगायला हवे. ते कोणी सांगितले नाही, तर पाच वर्षांनी पाचट पुन्हा वर चढते. सरांच्या कुलपाचे जे झाले, तेच.

बाई_पुन्हा_एकदा

माळवद, अगदी नेमके बोललात.

कुंभारवेस

वर्गांबद्दल पुष्कळ झाले. स्नेहसंमेलनाच्या मांडवाबद्दल कोणी का बोलत नाही? हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेच्या वार्षिक समारंभात मांडव पेटला आणि चारशेहून अधिक माणसे मेली, त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. मांडवाचे कापड कृत्रिम धाग्याचे होते, ते वितळून अंगावर पडले, आणि बाहेर जाण्याचे दार एकच होते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत गल्लोगल्ली हेच मांडव पडतात. ज्या गावात चादरी आणि टॉवेल विणले जातात, त्या गावाला सुती कापडाचा मांडव महाग पडावा, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

पूर्वभागकर

सुती कापडही पेटते, साहेब, आणि आनंदाने पेटते. फरक इतकाच, की ते वितळून कातडीला चिकटत नाही. मांडवाला कापड कोणते यापेक्षा कनात किती बाजूंनी उचलता येते, ते आधी पाहावे. आमच्याकडे लग्नात कनातीच्या कडेला खुर्च्या रचून ठेवतात, म्हणजे फुकट्यांना आत शिरता येत नाही.

जुळे_सोलापूर_०४

माझा मुलगा खासगी शिकवणीला जातो. चौथ्या मजल्यावर, वर पत्र्याची वाढीव खोली, जिन्यात चपलांचे ढीग आणि वीजमीटरांची रांग. २४ मे २०१९ ला सुरतेच्या तक्षशिला आर्केडमध्ये अगदी अशाच वरच्या मजल्यावरील वर्गांत २२ तरुण मुले-मुली गेली, खिडकीतून उड्या मारताना आपण सर्वांनी त्यांना दूरचित्रवाणीवर पाहिले. त्यानंतर आठ दिवस इथल्या शिकवण्यांना नोटिसा आल्याचे ऐकले. जिन्यातल्या चपला मात्र आहेत तिथेच आहेत. संचालकांना विचारले, तर ते म्हणाले, "आमची इमारत शाळेत मोडत नाही." मी शुल्क भरले आहे, मुलाचे दहावीचे वर्ष आहे आणि मी अजूनही त्याला तिथेच पाठवतो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खोटे कशाला लिहू?

चाळीशीपार

लाज वाटत असेल तर उद्यापासून पाठवू नका.

जुळे_सोलापूर_०४

पर्यायी शिकवणी पाचव्या मजल्यावर आहे.

वकिलीण

कायद्याची बाजू थोडक्यात मांडते. कुंभकोणमनंतर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि 'अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात १३ एप्रिल २००९ रोजी निकाल लागला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने म्हटले. राष्ट्रीय बांधकाम संहिता, २००५ चे पालन, शाळा ज्वालाग्राही वस्तूंपासून मुक्त ठेवणे, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे, असे निर्देश दिले. नळकांडी बसवण्यास सहा महिन्यांची मुदतही दिली, आणि माझ्या मते इथेच गोम आहे. पूर्ण करण्यास सर्वांत सोपा निर्देश सर्वांनी पूर्ण केला. नळकांडे बाजारातून आणून खिळ्याला टांगता येते, त्याची पावती फायलीत लावता येते. जिन्याची पावती मिळत नाही.

महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमही आहे. त्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि दर जुलैत द्यावे लागते, आणि जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते. मुख्याध्यापिकाबाई, ती शिपायाची नसते.

अग्निपरीक्षक

वकिलीणबाईंच्या म्हणण्याला जोडून सांगतो. बांधकाम संहितेत शाळेच्या जिन्याची रुंदी किमान दीड मीटर आणि बाहेर पडण्याचे दार बाहेरच्या दिशेने उघडणारे, असे स्पष्ट आहे. आतल्या बाजूने उघडणारे दार गर्दीने ढकलले की मिटते. शहरातील ज्या शाळांत मी गेलो, त्यांतील बहुतेक मुख्य दारे आत उघडतात, कारण बाहेर उघडली तर ती रस्त्यावर येतात.

आणि बाईंचा प्रश्न खरा आहे. बाहेरून बंद आणि आतून उघडे, असे दार हवे. त्यावर उपाय शंभर वर्षांपूर्वीच निघालेला आहे. शिकागोच्याच इरोक्वॉइस नाट्यगृहात ३० डिसेंबर १९०३ रोजी ६०० हून अधिक माणसे गेली. त्या खेळाला जायचे ठरवून ऐनवेळी न गेलेल्या एका लोखंडी सामानाच्या विक्रेत्याने पुढे आपल्या सहकाऱ्यांसह एक आडवी दांडी बाजारात आणली. दार बाहेरून बंदच राहते. आतून कोणी, अगदी सहा वर्षांच्या मुलानेही, दांडीवर अंग टाकले की कडी सरकते. किल्ली नाही, शिपाई नाही, परका माणूस आत येत नाही. चित्रपटगृहांत आपण ती पाहिली असेल.

बाई_पुन्हा_एकदा

ही दांडी मला ठाऊक नव्हती, असे मान्य करते. मात्र दोन शंका राहतात. एक, मुली मधल्या सुट्टीत तीच दांडी ढकलून पाणीपुरी खायला जाणार नाहीत, याची हमी कोण देईल? दोन, खरेदीचा लेखाशीर्ष कोणता?

अग्निपरीक्षक

पहिल्या शंकेसाठी दाराला विजेरीवर वाजणारी घंटा जोडता येते, दार उघडले की ती ठणठणते. दुसऱ्या शंकेपुढे मी हात टेकतो.

मधली_सुट्टी

पाणीपुरीसाठी का होईना, सहाशे मुलींना दार उघडण्याचा रोजचा सराव होईल, हे लक्षात घ्यावे.

निवृत्त_गणित

सर्वांचे आभार मानून मूळ प्रश्नाकडे येतो. मी विचारले होते, की कुलूप उघडायला किती वेळ लागतो. इतरांना विचारायचे आणि स्वतः मोजायचे नाही, हे गणिताच्या शिक्षकाला शोभत नाही, म्हणून काल माझ्या जुन्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी आहेत. त्यांना सांगितले, की मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला, कोणालाही आधी न कळवता, मागचे फाटक उघडून दाखवा. मी हातातल्या घड्याळावर वेळ लावली.

किल्ल्यांचा जुडगा कार्यालयात होता, पण त्यात ती किल्ली नव्हती. ती शिपायाकडे होती आणि शिपाई बँकेत गेला होता. मग एक जुनी किल्ली लिपिकाच्या खणात सापडली. ती कुलपात गेली, फिरली नाही. तेल आणायला एक मुलगा विज्ञान-प्रयोगशाळेत धावला. कुलूप निघाले, तर फाटकाच्या खालची बाजू बोळातील नव्या काँक्रीटमध्ये चार बोटे रुतलेली. रस्ता उंच झाला होता, फाटक होते तिथेच होते. एकूण एकोणीस मिनिटे झाली आणि फाटक वीतभर उघडले. आठवीचा एक किरकोळ मुलगा त्यातून आडवा होऊन बाहेर पडला आणि बोळातून आम्हाला हात करू लागला. वर्गातल्या मुलांनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

मुख्याध्यापक काही बोलले नाहीत. संध्याकाळी ते स्वतःहून माझ्या घरी आले आणि आम्ही दोघे एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. फाटक खालून कापून बाहेरच्या बाजूला उघडणारे करायचे आणि आतून ढकलली की सुटणारी दांडी लावायची, हे मी कागदावर काढून दाखवले. त्याने चित्र उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "पण सर, ह्यानं चोर आतनं भाईर जाईल की वो?"

माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आहे. फाटक सोमवारी कापायला घेत आहेत. तोवर कुलूप काढून तिथे सुतळी बांधली आहे, आणि चित्रकलेच्या सरांच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी सुतळीशेजारी खिळ्याला एक कात्री टांगली आहे.

शेंगाचटणी

कात्री खंडेनवमीपर्यंत तिथे राहिली, तर हार माझ्याकडून.